जीबीभाऊ

खान्देशात माणसाला "काय म्हणता?" असं विचारलं की तो कापसाचा भाव सांगतो, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते सांगतो, उन्हाळा असेल तर भुसावळचा पारा सांगतो. आमच्या जीबीभाऊला विचारलं की तो म्हणतो, "अकरा पूर्णांक चार."

नवख्या माणसाला वाटतं, हा हिमोग्लोबिन सांगतोय. असाच एक पाहुणा त्याला "रोज बीट खात जा" असा सल्ला देऊन गेला होता. पण अकरा पूर्णांक चार ही त्याच्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर उरलेली जागा असते, गिगाबाइटमध्ये. हा आकडा दहाच्या खाली गेला की जीबीभाऊला जेवण जात नाही. विसाच्या वर गेला तर तो येताना कोपऱ्यावरून जिलबी आणतो. त्याचं बारशातलं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू द्या. गल्लीत त्याला सगळे जीबीभाऊच म्हणतात आणि पोस्टमनही आता त्याच नावाने हाक मारतो.

तो माझा मावसभाऊ. तो जळगावचा, मी धुळ्याचा. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटर. तो केळीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो आणि रोज सावद्याला अपडाऊन करतो. दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत माल कसा रचायचा, कुठल्या कोपऱ्यात अजून चार खोकी बसतील, हे त्याला लांबून दिसतं. रिकामी जागा बघितली की त्याला ती भरावीशी वाटते आणि भरलेली बघितली की त्यातून थोडी मोकळी करावीशी वाटते. सावद्याला या गुणाचा पगार मिळतो. घरी मात्र तोच गुण गेमच्या मागे लागलाय.

त्याचा संगणक मधल्या खोलीत असतो. एका बाजूला गव्हाची कोठी, दुसऱ्या बाजूला देव्हारा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकला की घरातला एकुलता एक कूलर संगणकाकडे तोंड करून लावलेला असतो. काका बनियनवर पेपरने वारा घेत बसतात. मावशीचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे ती चिडली की अहिराणीत चिडते. "माणसे उकडी राह्यनात नि डबडाले वारा!" जीबीभाऊ शांतपणे सांगतो, "आई, तू घाम गाळू शकतेस. त्याला घाम येत नाही." तर्क बिनतोड असतो आणि मावशीच्या हातात लाटणं असतं.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की निळी पट्टी लाल होते. जीबीभाऊच्या घरात ती कायम लालच. सकाळी दात घासायच्या आधी तो ती पट्टी बघतो, रात्री देवापुढचा दिवा शांत झाल्यावर पुन्हा बघतो. सगळी जागा कुणी खाल्ली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, "गेमांनी." आणि "तू कुठली गेम खेळून राहिलास?" असं विचारलं तर तो विषय बदलतो. का बदलतो, ते पुढे येईलच.

एकदा पगाराच्या दिवशी तो मला घेऊन गोलाणी मार्केटात गेला. मोबाइल किंवा संगणक बिघडला की अख्खं जळगाव जिथे चढतं, ते हे ठिकाण. तिथून त्याने एक टीबीची डिस्क घेतली. टीबी म्हणजे हजार जीबी. घरी जोडली तर पडद्यावर ९३१. जीबीभाऊने पाणीही प्यायलं नाही, तशीच डिस्क काढून आम्ही पुन्हा दुकानात.

"भाऊ, हजार सांगितले होते, नऊशे एकतीस निघाले. एकोणसत्तर जीबी कुठे गेले?"

दुकानदार रोज असे चार जण बघत असावा. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हरही खाली ठेवला नाही. "कुठे जाणार भो? डिस्कवाला हजाराने मोजतो, विंडोज एक हजार चोवीसने मोजतं. माल तेवढाच, माप वेगळं."

"एका मालाला दोन मापं कशी?"

"तुमच्या आजीच्या वेळी तोळा किती ग्रॅमचा होता?"

"अकरा ग्रॅम सहासष्ट." जळगावच्या माणसाला हे विचारावं लागत नाही. सोन्याच्या गावात बाराखडीच्या आधी तोळा शिकतात.

"आणि आज सराफ बाजारात तोळा मागितला तर?"

"दहा."

"मग आजीने पोलिसात तक्रार केली का?"

जीबीभाऊ निरुत्तर झाला. पण परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही आणि घरी येऊन त्याने वहीत लिहिलं, "घट : ६९."

ही वही बघण्यासारखी आहे. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात असते तशी लांबुडकी खतावणी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मी एक पान उघडून पाहिलं होतं. "टेंप साफ केले, जमा २.१. रिसायकल बिन रिकामी, जमा ०.८. आईचे व्हॉट्सॲपचे सुप्रभात, जमा १.३. विंडोज अपडेट, नावे ४.६. शेरा : दरोडा." शेवटी लाल शाईत शिल्लक. पानाच्या माथ्यावर "श्री" लिहिलेलं होतं.

संगणकाच्या पोटात जागा कुठे कुठे दडलेली असते, हे या माणसाला जितकं ठाऊक आहे तितकं गावच्या तलाठ्याला गावाबद्दल नसेल. विंडोजची नवी आवृत्ती बसली की जुनी 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात काही दिवस पडून असते, ती तो दुसऱ्याच दिवशी बाहेर काढतो. संगणकाला गाढ झोपवायचं, म्हणजे हायबरनेट करायचं, तर विंडोज त्यासाठी एक मोठी फाइल आधीच राखून ठेवतं, साधारण रॅमच्या चाळीस टक्के. जीबीभाऊची रॅम सोळा जीबी, म्हणजे फाइल सहाच्या वर. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी तो भडकला. "मी चटईवर झोपतो आणि याला झोपायला सहा जीबी लागतात?" त्याने एक आज्ञा टाइप केली आणि संगणकाची गाढ झोप कायमची बंद केली. जमा ६.४.

पण सहा-साडेसहाने काय होतंय? जीबीभाऊचं दुखणं असं की तो लहानाचा मोठा झाला त्याच काळात गेम त्याच्यापेक्षा भराभर वाढल्या. २००३ मध्ये 'जीटीए व्हाइस सिटी' संगणकावर आली तेव्हा तिला ९१५ एमबी पुरत होते. दोन सीड्यांत सगळं शहर. २००५ मध्ये 'सॅन अँड्रियास' आली, ती पूर्ण बसवायला ४.७ जीबी. २००८ मध्ये 'जीटीए फोर', १६ जीबी. २०१५ मध्ये 'जीटीए फाइव्ह', ६५ जीबी. म्हणजे बारा वर्षांत सत्तर पट. जळगावात प्लॉटचे भावसुद्धा इतके चढले नसतील. मग २०१९ मध्ये 'रेड डेड रिडेम्प्शन २' संगणकावर आली आणि तिने १५० जीबी मागितले. त्याच वर्षीच्या 'कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर'ने १७५ मागितले. जीबीभाऊ म्हणतो, "पूर्वी गेम घरात पाव्हणी म्हणून यायची. आता घर नावावर करून मागते."

एवढं त्यात असतं तरी काय? हे तो कुणालाही समजावून सांगतो, लग्नाच्या पंगतीत वरण येईपर्यंतसुद्धा. एक म्हणजे चित्रं. भिंतीचा पोपडा जवळून बघितला तरी फाटू नये म्हणून प्रत्येक पृष्ठभागाचं बारीक चित्र साठवलेलं असतं. दुसरं, आवाज. २०१४ मध्ये 'टायटनफॉल' नावाची गेम आली. तिच्या ४८ जीबीपैकी ३५ जीबी नुसता आवाज होता, कारण जुन्या संगणकांवर आवाज उलगडायचा ताण नको म्हणून तो दाबलाच नव्हता. आणि तिसरं कारण जीबीभाऊला सर्वांत आवडतं, कारण ते सांगताना त्याला आजीची आठवण काढता येते.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरगर फिरतात आणि एक हात त्यावर इकडून तिकडे जाऊन हवी ती फाइल वाचतो. या धावपळीत वेळ जातो. म्हणून गेम बनवणारे एकच झाड, एकच दगड डिस्कवर अनेक ठिकाणी ठेवतात, म्हणजे हाताला लांब जावं लागत नाही. "आजीचे गुडघे गेले होते तेव्हा घरात मिठाच्या किती बरण्या होत्या?" तो मला विचारतो. खरंच होत्या. एक चुलीजवळ, एक ओट्यावर, एक मागच्या पडवीत. मीठ एकच, बरण्या तीन. 'हेलडायव्हर्स २' नावाच्या गेमने तर या बरण्यांपायी संगणकावर दीडशेहून जास्त जीबी अडवले होते. २०२५ च्या अखेरीस तिच्या कर्त्यांनी मोजून पाहिलं, तर साध्या हार्ड डिस्कवरही फरक काही सेकंदांचाच पडत होता. त्यांनी जादा बरण्या काढून टाकल्या आणि गेम १५४ वरून २३ जीबीवर आली. ही बातमी वाचली त्या रात्री जीबीभाऊने मला पावणेबाराला फोन केला. मला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. तो गहिवरून म्हणाला, "एकशे एकतीस, भो. एका फटक्यात एकशे एकतीस." ती गेम त्याच्याकडे नव्हतीच. दुसऱ्याच्या जमेचा एवढा आनंद मानणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या दोघांतला व्यवहार मात्र एसटीने चालायचा. सेल लागला की एकच गेम आम्ही दोघेही स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून आपापल्या खात्यावर घ्यायचो, पण घरी लाइन दोन एमबीपीएसची. २०१६ मध्ये जिओ आलं, पुढे रोज एक जीबीचे प्लॅन आले. जीबीभाऊने बोटं मोजून सांगितलं, जिओवर 'जीटीए फाइव्ह' उतरवायला पासष्ट दिवस, तेही घरात कुणी एकही रील बघितली नाही तर. त्यावर त्याने उपाय काढला. ज्याच्याकडे गेम आधी उतरेल त्याने तिचं फोल्डर डिस्कवर घालायचं आणि डिस्क गाडीत बसवायची. स्टीममध्ये फोल्डर जागेवर ठेवून फायली पडताळल्या की गेम पुन्हा उतरवावी लागत नाही.

पहिल्यांदा तो पाचशे जीबी घेऊन धुळ्याला आला तेव्हा डिस्क टॉवेलात गुंडाळून भरताच्या डब्याशेजारी ठेवली होती. जळगावहून धुळ्याला यायचं तर भरीत आणावंच लागतं, मग त्यासोबत काहीही येवो. पारोळ्याच्या पुढे कंडक्टरने पिशवीला हात लावून विचारलं, "यात काय?"

"पाच गेम आणि भरीत."

"लगेज लागेल?"

"भरताला लावा. गेमांना वजन नाही."

घरी आल्यावर त्याने चहा प्यायच्या आधी वहीत हिशेब मांडला. पाचशे जीबी, अडीच तास. म्हणजे एसटीचा वेग चारशे चाळीस एमबीपीएस. डिस्क भरायला आणि उतरवायला दीड दीड तास धरला तरी दोनशे. हेच आमच्या लाइनवर आणलं असतं तर तेवीस दिवस लागले असते. "लालपरीला कुणी हरवू शकत नाही," तो म्हणाला आणि आम्ही मोठ्या थाटात पहिल्या गेमवर क्लिक केलं. पडद्यावर आलं, "अपडेट आवश्यक : ३८ जीबी." आमच्याकडे त्या दिवसाचा शिल्लक डेटा सातशे एमबी होता. आम्ही भरीत खाल्लं.

आता रेड डेडची कथा. दीडशे जीबी हवे होते आणि वहीत शिल्लक पन्नास. जीबीभाऊची नजर घरभर फिरली आणि स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओवर थांबली. हळदीपासून वरातीपर्यंत सहा तास, फोर-के, एकशे दहा जीबी. पुसून टाकायची हिंमत नव्हती. मग त्याने तो दाबला. रात्रभर संगणक घरघरत होता, कूलर त्याच्याकडे तोंड करून होता, आणि सकाळी लग्न सहा जीबीत मावलं. जमा १०४.

महिन्याभराने वहिनीच्या माहेरची माणसं आली आणि कुणीतरी म्हणालं, लग्न लावा. लावलं. पैठणीची किनार दिसेना. मामांच्या फेट्याचा रंग ओघळून शेजारच्या मामांच्या तोंडावर गेला होता. अक्षता पडताना पाऊस पडल्यासारखं दिसत होतं. वरातीत जीबीभाऊ ज्या घोड्यावर बसला होता तो घोडा आहे की टेबल, यावर दोन मतं पडली. आणि त्याच डिस्कवर, शेजारच्याच फोल्डरात, १८९९ सालच्या अमेरिकेतला आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर ज्या घोड्यावर बसतो, त्याच्या आयाळीचा केस न् केस स्वच्छ दिसत होता.

वहिनी एक अक्षर बोलली नाही. आत गेली, कपाटातून एक पेन ड्राइव्ह काढून टीव्हीला लावला. त्यात सगळं होतं, किनारीच्या मोरासकट. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने ती मूळ प्रत काढून ठेवली होती. "मी तेव्हाच ओळखलं होतं," एवढंच ती म्हणाली. जीबीभाऊने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "यात अजून किती जागा आहे?"

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, एवढं केलंस तर आता गेम तरी दाखव. त्याने चालू केली. आधी पंधरा मिनिटं ग्राफिक्सच्या सेटिंगांत गेली. मग बर्फ आला, घोडा आला, घोडा चार पावलं चालला, आणि याने गेम थांबवून बाहेर येऊन लाल पट्टी बघितली. "चालू असताना काही खाते का ते बघून राहिलो," तो म्हणाला. तेवढ्यात स्टीमच्या पानावर माझी नजर गेली. तिथे प्रत्येक गेमखाली आपण ती किती वेळ खेळलो ते लिहिलेलं असतं. रेड डेड, १.८ तास. जीटीए फाइव्ह, ४० मिनिटं. बाकीच्या नऊ गेमांखाली काहीच नव्हतं, म्हणजे त्या कधी उघडल्याच नव्हत्या. मी त्याच्याकडे पाहिलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता.

हसायला मला तोंड नाही. धुळ्यात माझ्या डिस्कवर याच गेम तशाच पडून आहेत, फक्त माझ्याकडे वही नाही. काढून का टाकत नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "काढायला काय, एक क्लिक. पण काढली म्हणजे मग खेळणारच नाही असं झालं ना, भो." रोज सकाळी सात पाचची गाडी, संध्याकाळी परत यायला आठ, मग आईच्या गोळ्या, पोराचा अभ्यास. गेम डिस्कवर असली की आपण अजून खेळणारे आहोत असं वाटतं. दीडशे जीबी त्याने गेमला दिलेले नाहीत, त्या समजुतीला दिलेत.

मावशीला गिगाबाइट कळत नाही, पण कोठी कळते. दर उन्हाळ्यात ती वर्षाचा गहू भरते, दादर ज्वारी भरते, कडुनिंबाचा पाला घालते आणि पावसाळ्यात त्याच्या भाकरी-पोळ्या होतात. एकदा ती कोठीशी उभी राहून लेकाकडे बघत होती. तो डिस्क पुसत होता. ती म्हणाली, "भाऊ, इतलं भरी ठेवस, पन खास कव्हय?" जीबीभाऊकडे प्रत्येक प्रश्नाचं आकड्यात उत्तर असतं. या प्रश्नाचं नव्हतं.

यंदा आखाजीला मी जळगावला होतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खान्देशात त्या दिवशी सोनं नंतर, आधी झोका, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस आणि पत्ते. दुपारी दोनला वीज गेली. संगणक गप्प, कूलर गप्प. काकांनी चटई टाकली, आम्ही मेंढीकोट मांडला. जीबीभाऊने जोड हातात घेतला, पत्ते मोजले आणि दोन जोकर बाजूला काढले. "हे दोन फुकट जागा खाऊन राहिले," तो म्हणाला. मग पत्ते पिसले.

वीज सहाच्या पुढे आली. तोवर काका दोनदा रुसले होते, वहिनीने तीन दश्श्या एका डावात उचलल्या होत्या, मावशीने आमरसाची पातेली दुसऱ्यांदा बाहेर आणली होती. कूलर आपोआप सुरू झाला, संगणकाच्या दिशेला. जीबीभाऊ उठला, त्याने कूलरचं तोंड चटईकडे फिरवलं आणि पुन्हा पाने वाटायला बसला.

रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये त्याची नोंद अजून १.८ तासांचीच आहे. त्या दुपारी तो चार तास दहा मिनिटं खेळला. हा हिशेब मी ठेवला, त्याच्या वहीत तो नाही.